फोटोत शेत आहे, नाव नाही

लोणावळ्याच्या अलीकडं एका हॉटेलला मी दर दोन महिन्यांनी इंद्रायणी तांदूळ देतो. घरचाच असतो, पन्नास-पन्नास किलोची दोन पोती. मागच्या भादव्यात पोती मागच्या दारानं उतरवली आणि पैशासाठी पुढच्या खोलीत जाऊन थांबलो. तिथली भिंत नव्यानं रंगवलेली होती आणि तिच्यावर जुने फोटो मोठे करून लावले होते. बैलगाडी, जातं, विहिरीवरच्या बाया, चिलीम ओढणारा एक म्हातारा. मधोमध सगळ्यात मोठा फोटो भाताच्या आवणीचा. काळापांढरा. पाच बाया खाचरात वाकलेल्या, डोक्यावर इरली, मागं धुकं आणि धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर. खाली बारीक इंग्रजीत एक ओळ. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "पावसाची गाणी, असं लिहिलंय काका."

मी बघत राहिलो. आधी डोंगराची धार ओळखू आली. मग बांधावरचा उंबर. मग लक्षात आलं की हे आमचंच खालचं खाचर आहे.

पाचातल्या चार बाया उजव्या हातानं रोप लावतायत. डावीकडून दुसरी आहे ती डाव्या हातानं लावतेय, रोपाची मूठ तिच्या उजव्या हातात आहे. तिचा डावा हात फोटोत जरा पुसट आलाय. आमच्या गावात डाव्या हातानं आवणी करणारी एकच बाई मी पाहिली, ती माझी आई.

आई १९८८ च्या पावसाळ्यात गेली. तेव्हा मतदानाच्या कार्डावरसुद्धा फोटो नसायचा. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आणि आता एक सापडला, तर त्यात तिचं तोंड दिसत नाही.

पोरानं पैसे आणून दिले. मोबाइलवर त्या भिंतीचा फोटो काढू का म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "काढा की, सगळेच काढतात."

घरात जुना म्हणावा असा एकच फोटो आहे, दादांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. लोणावळ्याला कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, तेव्हा तिथल्या एका स्टुडिओत काढलेला. मागं रंगवलेला पडदा, त्यावर वाड्याचे खांब आणि कारंजं. शेजारी तिवईवर कागदी फुलं. दादांच्या अंगात काळा कोट आहे. तो कोट स्टुडिओचा, येईल त्या माणसाला तोच कोट. खांद्यात सैल आणि हातात आखूड. दादांनी दोन्ही हातांच्या मुठी वळून गुडघ्यावर ठेवल्यात. लहानपणी मला वाटायचं की ते रागावलेत. मोठा झाल्यावर कळलं की ते बोटं लपवतायत. चिखलणीच्या दिवसांत नखं काळी पडलेली असतात आणि तळहात फुटलेला असतो. पैसे देऊन काढायच्या फोटोत ते कशाला दाखवायचं?

दोन्ही फोटो आता माझ्यासमोर आहेत. दादांच्या फोटोत त्यांचं तोंड आहे, मागं पेनानं नाव आहे, पण शेत कुठंच नाही. गावाचा माणूस गाव लपवून बसलाय. आईच्या फोटोत सगळं शेत आहे. पाऊस, चिखल, रोप, डोंगर सगळं आहे, पण नाव नाही आणि तोंडही नाही. जुन्या गावाकडचे जेवढे फोटो मी बघितले, ते बहुतेक या दोनातल्या एका जातीचे निघाले. आम्ही पैसे मोजून काढले त्यात आम्ही साहेब झालो. दुसऱ्यांनी येऊन काढले त्यात आम्ही देखावा झालो. आमचं जगणं या दोहोंच्या मधी कुठंतरी होतं.

मी काही फोटोतला जाणकार नाही. दहावीपर्यंत शिकलो आणि पुढं शेतीच केली. पण गावाकडच्या जुन्या फोटोंवर जे लिहिलं-बोललं जातं ते सगळं फोटोच्या अंगानं असतं, उजेड कसा पडलाय, सावली कशी धरलीय. शेताच्या अंगानं कुणी बघत नाही. शेतकऱ्यानं फोटो बघितला तर त्याला काय दिसतं, एवढं सांगायला मला हरकत नाही.

पहिलं म्हणजे फोटोवर साल नसलं तरी शेत बोलतं. बायांच्या डोक्यावर इरलं असेल तर फोटो जुना, प्लास्टिकचा कागद असेल तर अलीकडचा. रोप दोरीला धरून ओळीत लावलेलं असेल तर जपानी भातशेतीचा प्रचार गावात पोचल्यानंतरचा. तो प्रचार आपल्या देशात १९५३ पासून सुरू झाला, पण गावागावाला पोचायला वेळ लागला. गाडीला लाकडी चाक का रबरी टायर, नांगर लाकडी का लोखंडी, यावरूनही अंदाज येतो. भाताची उंची बघा. कमरेच्या वर गेलेलं आणि वाऱ्यानं आडवं पडलेलं भात असेल तर तो बहुधा आमचा जुना आंबेमोहोर. आखूड आणि ताठ उभं असेल तर नवं वाण. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला, तो १९८७ साली शेतकऱ्यांकडं आला. त्यानंतर मावळातल्या खाचरांची उंचीच बदलली. आमच्या घरी इंद्रायणी आला तेव्हा आई नव्हती. तिनं आयुष्यभर लावला तो आंबेमोहोर, म्हणून या फोटोतलं रोप कशाचं हे मला विचारावं लागत नाही.

दुसरं म्हणजे फोटोखालची ओळ. निम्म्या ठिकाणी ती चुकीची असते. बैल आणि फाळ दिसला की खाली लिहितात 'नांगरणी'. गुडघाभर पाण्यात चाललंय ती चिखलणी, नांगरणी नव्हे. नांगरणीला माती उलटते, चिखलणीला माती लोण्यासारखी करायची असते, म्हणजे पाणी खाली मुरत नाही आणि रोपाची मुळी चटकन धरते. खळ्यावर एक जण उंचावर उभा राहून सूप धरून वाऱ्यावर भात सोडतोय, त्याला लिहितात 'पाखडणे'. पाखडतात घरात बसून. खळ्यावर असते ती उफणणी.

एका पुस्तकात तर राबाचा फोटो बघितला. उन्हाळ्याचा, मोकळ्या खाचरात धूर आणि जाळ. खाली लिहिलेलं, शेताला लागलेली आग. अहो, ती लागलेली नाही, लावलेली आहे. रोपाच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर झाडाची वाळलेली कवळं, पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं, म्हणजे जाळ सावकाश सरकतो. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते आणि राख मिळते ती वेगळीच. मृगाच्या तोंडाला त्यात धान पेरायचं. या राबासाठी माणूस चैत्र-वैशाख रानात घालवायचा. ज्या कामात दोन महिने गेले, त्याला फोटोखालच्या ओळीनं अपघात करून टाकलं.

या चुका बारीक आहेत असं तुम्ही म्हणाल. पण सोनाराच्या फोटोखाली लोहार लिहिलेलं चालतं का? शेताच्या बाबतीतच हे का चालतं? तर बघणाऱ्याला काम बघायचंच नसतं. त्याला धूर छान दिसतो, पाण्यातली बैलांची सावली छान दिसते.

पवना धरणातलं वाघेश्वराचं मंदिर असंच. पाणी खाली गेलं की उन्हाळ्यात ते उघडं पडतं आणि लोक लांबून फोटो काढायला येतात. मंदिर देखणं आहे, काढावाच फोटो. पण धरणाच्या पोटात मंदिर एकटं नव्हतं. आजूबाजूला घरं होती, गोठे होते, भातखाचरं होती. पाणी ओसरल्यावर जोत्याचा एखादा दगड वर येतो, त्याच्यापुढं कुणी कॅमेरा धरत नाही.

तिसरी गोष्ट, फोटोत जे येत नाही ते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला वडगाव-तळेगावकडं त्याच्या निम्माही नाही. आमचं नाणे मावळ मधी. आषाढात सूर्य दिसायचा नाही. आवणीच्या दिवसांत बाई सकाळी चिखलात उतरली की दिवस मावळताना बाहेर. पायाच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, म्हणजे कातडी कुजून भेगा पडायच्या. रात्री चुलीपाशी पाय शेकायचे आणि भेगांत हळद-तेल भरायचं. सकाळी परत तेच पाणी. भिजलेलं इरलं हलकं नसतं. वाकलं की ते कासवाच्या पाठीसारखं पाठीवर बसतं, मान वर केली की त्याच्यावरचं पाणी सरळ गळ्यात. म्हणून इरल्याखालची बाई खालीच बघते.

आणि पोट. आंबेमोहोराचा वास सगळ्यांना माहीत आहे, चुलीवर भात असला की शेजारच्या आळीला कळायचं. पण आमच्या घरी तो वास वर्षातून मोजून चार-पाच दिवस. आंबेमोहोर विकायचा असायचा. घरात खायला नाचणी, वरई आणि जाडाभरडा तांदूळ. आषाढ म्हणजे कणगीचा तळ दिसायचा महिना. म्हणजे ज्या महिन्यात सगळ्यात जास्त काम त्याच महिन्यात सगळ्यात कमी खाणं. आवणीचा कुठलाही जुना फोटो बघताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, की त्या बाया बहुतेक अर्धपोटी आहेत. फोटोत ते दिसत नाही. हिरवंगार दिसतं.

गाणी म्हणायच्याच नाहीत असं नाही. आवणीच्या पहिल्या दिवशी म्हणायच्या, ओळीला ओळ लागायची. आठव्या दिवशी कोण म्हणतंय?

आता मागं जाऊन बघू. माझ्या पुतण्यानं मोबाइलवर बोरघाटाचे जुने फोटो दाखवले. खंडाळ्याच्या खालच्या अंगाला रेल्वेचं काम चालू असतानाचे. त्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडं होता. तो १८५९ साली इकडं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ठेका पुढं चालवला आणि १८६३ साली घाटातली रेल्वे सुरू झाली. कामाचे फोटोही तिनं काढलेले आहेत. नवरा गेल्यावर परक्या मुलखात एवढं काम उभं करणारी बाई, तिच्याविषयी मला आदरच वाटतो. फोटोही स्वच्छ आहेत. पूल, बोगद्याची तोंडं, फोडलेला कडा. पण माणसं बघायला गेलं तर मुंगीएवढी. त्या घाटात एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसं राबत होती. तापानं, पटकीनं, सुरुंगानं कितीतरी गेली. ठेकेदाराचं नाव राहिलं, इंजिनिअरांची नावं राहिली. कड्याला लटकून पहार मारणाऱ्या एकाचंही नाव त्या फोटोंवर नाही.

त्याच्याही मागं जायचं तर कार्ल्याच्या लेण्यात जा. एकवीरेला आपण सगळेच जातो, पण लेण्यातल्या खांबांवरची अक्षरं कोण बघतो? तिथं दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार, त्यानं दर्शनी दाराचं काम केलं, त्याच्या बापाच्या नावासकट लिहिलंय. आपल्या मावळाचं जुनं नाव 'मामाल' तेही तिथल्याच लेखात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना एवढं कळत होतं की काम करणाऱ्याचं नाव लिहावं. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. मग तिथंच दुसरा लेख कळला. उषवदातानं करजिक नावाचं गाव लेण्यातल्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी दान दिलं. गाव दिलं, म्हणजे गावाचं पीक दिलं. देणाऱ्याचं नाव आहे, गावाचं नाव आहे. पिकवणाऱ्याचं? ते तिथंही नाही. सुताराला जे मिळालं ते शेतकऱ्याला दगडावरही मिळालं नाही, तिथं हॉटेलच्या भिंतीचं काय घेऊन बसलात.

सगळेच फोटोवाले सारखे असतात असं मात्र मी म्हणणार नाही. पी. साईनाथ या पत्रकारांनी १९९३ ते २००२ या वर्षांत दहा राज्यांत फिरून गावाकडच्या कष्टकरी बायांचे फोटो काढले, त्याचं प्रदर्शन गावोगाव फिरलं. त्यातला एक फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. आंध्रातल्या विजयनगरम भागातला. शेतात बाया वाकलेल्या आणि मालक एकटा मधी ताठ उभा. फोटो काढून घ्यायची हौस मालकाला होती. पण सोबत लिहिलेल्या मजकुरात त्या बायांना सरकारी दरापेक्षा किती कमी मजुरी मिळते तेही आहे. तो मजकूर वाचून फोटोकडं परत बघितलं की मालक बारीक होतो आणि बायाच दिसायला लागतात. त्यात बायांची नावं सगळीकडं आहेत असं नाही, पण काम काय, मजुरी किती, कोण वाकलंय आणि कोण उभं आहे हे स्पष्ट आहे. हॉटेलवाल्या फोटोत आणि यात एवढाच फरक आहे, की एकाला बाया कशाला वाकल्यात हे विचारावंसं वाटलं, दुसऱ्याला वाकलेल्या बाया आवडल्या.

पण दुसऱ्यांनाच बोलून भागत नाही. आमच्या गावच्या मोबाइल ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी जुना फोटो टाकतो. बैलगाडी, मातीचं घर, चूल. खाली लिहितो, गेले ते दिवस. त्याच्याखाली वीस जण हात जोडतात. मी बघितलंय, लिहिणाऱ्यांत औत धरलेला क्वचितच असतो. ज्यानं चुलीपुढं धुरात डोळे घालवले ती म्हातारी 'गेले ते दिवस' म्हणत नाही, ती म्हणते 'गेलं ते बरं झालं'. दिवस वाईटच होते असंही माझं म्हणणं नाही. इर्जिक होती, म्हणजे एकमेकांच्या शेतात बैल घेऊन जायचं आणि दिवसभर राबून संध्याकाळी एकत्र जेवायचं. अडल्याला हात होता. ते गेलं त्याचं वाईट वाटतं. पण फोटोखाली लिहायचं तर दोन्ही लिहा.

आणि माझंही लिहितो. फोटोतलं ते उंबराचं खाचर आता आमचं नाही. १९९७ साली मी ते विकलं. एक्सप्रेस वेची बोलणी सुरू झाली तसे भाव चढले, घरात दवाखान्याचं देणं होतं, भाऊबंदांत वाटण्या होत होत्या. कुणी जबरदस्ती केली नाही. सही माझी आहे. घेणाऱ्यानं भर घालून जमीन वर उचलली, आता तिथं बंगल्यापुढची हिरवळ आहे. त्यामुळं हॉटेलच्या भिंतीवर खाचर बघून माझा जीव खालीवर झाला त्यात आईची आठवण किती आणि सहीची टोचणी किती, हे मला सांगता यायचं नाही. जुने फोटो बघून आपण जे हळहळतो त्यात बऱ्याचदा असं काहीतरी मिसळलेलं असतं.

मोबाइलमधला फोटो घेऊन मी चुलतीकडं गेलो. काकू ऐंशीच्या पुढं आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी आधी उंबर ओळखला.

"हे तर आपलं उंबराखालचं. ही मी. ही तुझी आय, बघ की डावखोरी."

"काकू, कधीचा असंल हा?"

"दुष्काळाच्या दुसऱ्या साली. रेशनला मिलो मिळायचा. लाल भाकरी खाऊन आवणीला गेलतो."

म्हणजे १९७३ चा पावसाळा. १९७२ ला आमच्याकडं बाकी महाराष्ट्राएवढी होरपळ नव्हती, पण धान्य सगळीकडंच महाग झालं होतं आणि मिलोची लाल भाकरी मीही खाल्लेली आहे. मी त्या दिवशी शाळेत असणार.

मी विचारलं, "गाणी म्हणत होता का?"

"गानी कसली? तोंड उघाडलं तर पानी जात व्हतं. त्यो बाबा बांधावं हुबा ऱ्हायला. आमी म्हनलं कोन आलंय म्हनून वर बघितलं, तर म्हनतो कसा, वर बघू नका, हाय तसंच वाका. लई येळ वाकून ठेवलं बघ. कंबर मोडली. तुझी आय मातर थांबली न्हाई. म्हनली, ह्येचं हुईस्तवर माझ्या चार मुठी लावून हुत्याल."

तेव्हा मला त्या पुसट हाताचा अर्थ लागला. चार बाया सांगितल्याप्रमाणं थांबल्या होत्या, त्यांचे हात स्वच्छ आलेत. आईचा हात चालू होता.

"फोटू पाठवतो म्हनला व्हता," काकू म्हणाल्या. "गावाचं नाव लिहून नेलं. आला का आत्ता?"

काकूंनी एकेकीवर बोट ठेवलं. कुणाची सून, कुणाची लेक, कुणाला किती पोरं, कोण कधी गेली. चारी नावं मी लिहून घेतली. ती इथं छापत नाही, त्यांच्या घरची माणसं आहेत, त्यांना विचारून मग. पाचवीपाशी काकूंचं बोट थांबलं. फोटो जवळ नेला, लांब धरला.

"ही वाडीवरची. रोजानं यायची. दोन-तीन सालं आली."

"नाव?"

"नाव काय बाई... आमी तिला वाडीवालीच म्हनायचो."

मी फोटोवाल्याला नावं ठेवत इथवर आलो होतो. तो एक दिवस आला आणि गेला. आमच्या बांधावर ती तीन पावसाळे आली, आमच्याच बायांच्या ओळीत वाकली आणि आम्हाला तिचं नाव माहीत नाही. मी शाळेतून आल्यावर रोपाच्या मुठी टाकायला जायचो, तिच्याही पुढं टाकल्या असतील. मलाही आठवत नाही. आणखी एक गोष्ट. आमच्या गावात इरली यायची ती त्याच कातकऱ्यांच्या वाडीवरून. बांबूच्या काड्या विणून आत पानं घालून ती माणसं इरली करायची आणि आम्ही त्याच्या बदल्यात भात द्यायचो. म्हणजे फोटोत पाच बायांच्या पाठीवर जे आहे ते तिच्या माणसांच्या हातचं. फोटो ज्यामुळं देखणा झालाय, ती वस्तूच त्यांची.

गावाकडच्या जुन्या फोटोंची पुस्तकं काढणाऱ्यांना, भिंती सजवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. फोटोखाली कविता लिहू नका. काम कोणतं, महिना कोणता, शिवार कुठलं आणि माणसं कोण, एवढं लिहा. कळत नसेल तर गावात येऊन विचारा, सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. आणि आम्ही गावकऱ्यांनीही घरातले फोटो काढून मागं नावं लिहावीत. त्यात रोजानं आलेल्या माणसांचीही लिहावीत, म्हणजे आपण किती जणांना नावानं ओळखत होतो तेही कळेल.

हॉटेलच्या मॅनेजरला मी सांगितलं की यात माझी आई आहे, खालची ओळ बदला. तो चांगलं बोलला, चहा दिला, मालकांना विचारतो म्हणाला. मागच्या खेपेला पोती घेऊन गेलो तेव्हा ओळ तीच होती.

पुतण्यानं कामशेतला फोटो मोठा छापून आणला. त्याच्या मागं मी खाचराचं नाव, १९७३, आषाढ, आवणी, आंबेमोहोर आणि चार नावं लिहिली. पाचवा आकडा घातला आणि पुढं जागा सोडली. मग एकदा वाडीवर जाऊन आलो. एका म्हाताऱ्या बाबाला मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तोंड दिसंना, कसं सांगू?" वाडीवरची निम्मी माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मृगाच्या आधी परत येतात. तेव्हा एखादी जुनी बाई भेटेल. मोठा फोटो घेऊन मी परत जाणार आहे.